थांबमामांची नवमी

बंद गाडीजवळ गेल्यावर मामांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'थांबा'. रामराम नाही, काय झाले म्हणून विचारणे नाही. गाडीवाला घामाघूम होऊन हँडल मारत असायचा, इंजिन गरगर फिरायचे आणि पेट काही घ्यायचे नाही. मामा लांबूनच ओरडायचे, "थांबा पावणं. बुडवाय लागलायसा की तिला." हँडल मारत राहिले की आत पेट्रोल साचते, प्लग भिजतात आणि धडधाकट गाडीसुद्धा मग पेटत नाही, असे त्यांचे म्हणणे. यावरून सगळे त्यांना थांबमामा म्हणत. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आता ती ऐकून दुखावेल असे माणूस उरलेले नाही, म्हणून लिहिते.

संस्थान होते तेव्हा मामा एका सरदारांच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झाले, सरदारांनी मोटारी काढून टाकल्या आणि त्यातली सगळ्यात म्हातारी गाडी मामांच्या गळ्यात पडली. कसबा बावड्याच्या रस्त्याला त्यांनी पत्र्याचा गाळा टाकला. ती गाडी भाड्याने चालवायची, एरवी लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. गाळ्यामागे दोन खोल्या होत्या. एकीत मामा-मामी, दुसरीत भाडेकरू म्हणून मी. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे दोघांचीही मी 'बाई'.

"फिरती म्हंजे जित्ती हाय," मामा सांगत. "पेटत न्हाय म्हंजे रुसल्या. रुसलेल्याला ढकलायचं नसतं, इचारायचं असतं." त्यांच्या विचारण्याची रीत ठरलेली होती. आधी करंट, मग पेट्रोल. प्लगपान्याने प्लग खोलायचा, त्याला वायर परत जोडून तो इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवायचा आणि हँडल फिरवायला लावून ठिणगी पाहायची. ठिणगी निळी आणि खणखणीत असली की करंटाला निरोप देऊन पेट्रोलाकडे वळायचे. ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. मी त्यांना चिडवायची, की आमच्या शाळेच्या वेळापत्रकाला इतकी शिस्त नाही.

दोष सापडला की तो जसा असेल तसा तोंडावर सांगायचा, हा दुसरा हट्ट. एकदा बिद्रीकडचे एक बडे बागायतदार व्याह्यांना गाडीतून मिरवत आणत होते आणि गाडी नेमकी आमच्या दारात बंद पडली. मामांनी सगळे पाहिले आणि म्हणाले, "गाडीला काय बी झालं न्हाय. पेट्रोल घालाय इसरलायसा." त्या गृहस्थांनी मामांना बाजूला घेऊन हळूच विनवले, "जरा मोठं कायतरी सांगा की, पावणं बघाय लागल्यात." मामा म्हणाले, "हाय त्योच दोष सांगणार. माणसावर खोटा आळ घ्यायचा न्हाय, तर गाडीवर कसा घेऊ?" व्याही पोट धरून हसले. बागायतदार पुन्हा आमच्या दारी आले नाहीत.

मामी कबनूरच्या, भावांच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या, त्यामुळे बोलणे मामांपेक्षाही वरच्या पट्टीत. गाडीला त्या सवत म्हणत. "सवत उपाशी ऱ्हायली तर हे जेवायचं न्हाईत," असे म्हणून गाडीवरून फडके मारायच्या. खंडेनवमीला तर विचारू नका. सगळ्या कोल्हापुरात त्या दिवशी हत्यारांना विसावा, तसा आमच्या गाळ्यातही. पाने, पकडी, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडायच्या, हळदीकुंकू, झेंडूची फुले वाहायची. मग दसऱ्याला सोने लुटून येईपर्यंत पाटावरच्या वस्तूला हात लावायचा नाही.

त्या वर्षी मामींना दिवस होते, लग्नानंतर फार वर्षांनी, आणि ते भरत आले होते. खंडेनवमीच्या सकाळी मामा फुले आणायला गावात गेले, तेवढ्यात मामींनी बादल्या भरून सवतीला न्हाऊ घातले. मी नको म्हणत होते. त्या हसून म्हणाल्या, "औंदा आतनं बी न्हाऊ घालते. घरात लेकरू यायचंय, सवतीचं त्वांड काळं कशाला?" आणि बॉनेट उघडून त्यांनी आतही पाणी ओतले. मामा आले तेव्हा बॉनेट मिटलेले होते आणि गाडी बाहेरून वाळली होती. त्यांनी तिला हार घातला. आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या.

दुपारी मामींच्या अंगावरून रक्त जायला लागले. हे घरी निभणारे नाही, एवढे मलाही कळत होते. मामा धावत गाडीकडे गेले आणि हँडल मारले. इंजिन फिरले, पेटले नाही. पुन्हा मारले, तेच. ते पाटाकडे वळले आणि प्लगपान्यावर त्यांचा हात गेला, तोच मामी आतून ओरडल्या, "हत्यार उचलू नगासा. पोटातल्याला लागंल." मामांचा हात तिथेच राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला. त्या माउलीवर माझे प्रेम होते, आणि त्या क्षणी मला तिचा असा राग आला की आजही तो पुरता गेलेला नाही.

पाना नाही म्हणजे प्लग खोलता येत नाही, आणि प्लग खोलल्याशिवाय करंट बघायची मामांना सवय नव्हती. त्यांनी पंप हाताने हलवून पेट्रोल येते का पाहिले. येत होते. मग ते हँडल मारत सुटले. सकाळी आत ओतलेले पाणी त्या धांदलीत मला आठवलेच नाही. आयुष्यभर ज्याला त्याला थांबा म्हणणारा माणूस थांबेना. तळहात फुटून हँडलाला रक्त लागले. आत मामी माझा हात धरून पडल्या होत्या, आणि प्रत्येक हँडल त्यांना ऐकू येत होते. त्या मला म्हणाल्या, "बाई, त्यास्नी थांबा म्हणावं. बुडवाय लागल्यात तिला."

मी बाहेर जाऊन तसे सांगितले. मामा थांबले. रस्त्यावर टांगे होते, पण तेही हार घालून सोडलेले, घोडी रानात. शेवटी मामांनी मळ्याकडची एक बैलगाडी आणली आणि तिच्यातून आम्ही मामींना दवाखान्यात नेले. मुलगी जगली. मामी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी मामांनी नुसते हँडल मारून पाहिले, आणि गाडी पहिल्याच फटक्याला पेटली. मला हाक ऐकू आली. मी गेले तर त्यांच्या हातात इंजिनावरची एक काळी टोपी होती. प्लगांना करंट वाटून देणारी ती हीच, म्हणाले. टोपीवर हळदीकुंकवाची बोटे ओढलेली होती, आणि आतल्या बाजूला वाळलेल्या हळदीचा ओघळ. आत पाणी गेले होते, करंट त्या पाण्यातच मुरत होता. पाणी आपोआप वाळले आणि गाडी बरी झाली. मामा बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "हिला पाना लागतच न्हाय, बाई," ते म्हणाले. "दोन बोटांनी निघती. कोरडं फडकं फिरवलं असतं तरी झालं असतं."

त्याच दिवशी मामींचे थोरले भाऊ मुलीला न्यायला आले. त्यांनी दारातच विचारले, गाडीला काय झाले होते. मामा म्हणाले, "पेट्रोलात कचरा हुता. म्या बघितला न्हाय." भाऊ नको ते बोलले आणि मुलीला घेऊन गेले. मी मामांवर संतापले. लोकांना फाडकन सांगता आणि इथे हे काय, म्हटले. ते शांतपणे म्हणाले, "पोरगीनं मोठं हून काय ऐकायचं? आईनं पाणी वतलं, आन् आईनंच पाना उचलू दिला न्हाय? त्यापरीस बापाला शिव्या घालू दे की."

पुढे कोणतीही गाडी आली की मामा आधी ती टोपी बोटांनी काढून कोरड्या फडक्याने पुसत, मग करंट, मग पेट्रोल. खंडेनवमीला सगळे गाव पूजा मांडी आणि मामांचे पाने पेटीत, गाडी दारात तयार. लोक त्यांना नास्तिक म्हणाले. कबनूरला ते जात आणि दारातून परत येत. मुलगी मागांच्या आवाजात मोठी होत होती, एवढेच त्यांना कळे.

ती शाळेत जायला लागली होती, तेव्हा मामा गेले. दहाव्याला मामींचे तेच थोरले भाऊ तिला घेऊन आले. आईसारखीच मोठ्या आवाजाची पोर, पण त्या दिवशी हळू बोलत होती. गाडीच्या मडगार्डावर बोट फिरवत तिने मला विचारले, "बाई, त्या दिवशी हिला काय झालतं?"

माझ्या ओठावर सगळे आले होते. हात गाडीवरच होता माझा, टोपी काढून दाखवता आली असती. पण मला मामांचा आवाज आठवला, तो लांबूनच येणारा. मी थांबले.

"पेट्रोलात कचरा होता, बाळ."

"बाबांनी बघितला न्हाय?"

"नाही," मी म्हणाले. "बघायला हवा होता."