उतारशेठ आणि वरचा बोल्ट

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना उतारशेठ म्हणत. कपाटं, फ्रिज, पलंग असलं अवजड सामान एका घरातून दुसऱ्या घरात पोचवायचा त्यांचा धंदा, आणि त्यासाठी एक डिझेल पिकअप. तिचा स्टार्टर, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिली फिरकी देणारी मोटर, कधीचा आजारी होता. चावी फिरवली की आतून नुसतं ‘टक्’ व्हायचं आणि गाडी मख्खासारखी उभी. म्हणून शेठ ती कायम उतारावर लावत. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळायला लागली की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, मग इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं.

गिऱ्हाइकाचा फोन आला की सामान किती आहे हे विचारायच्या आधी शेठ विचारत, “तुमच्याकडे चढउतार कसा काय आहे?” एका आजोबांनी यावर मनापासून रक्तदाबाचे आकडे सांगितले होते.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी त्यांना किती वेळा सांगितलं, “शेठ, मोटर बदला.” शेठ दर वेळी गाडीच्या दारावर थोपटून म्हणत, “हिची प्रकृती मला कळते. जरा थंडी सरू दे.” थंडी सरली, उन्हाळाही सरला.

मग सासूबाई राहायला यायच्या ठरल्या. शेठ त्यांचं सामान आणायला मोठ्या उत्साहाने गेले. मागे लोखंडी कपाट, शिलाई मशीन, गाद्यांची वळकटी. पुढे शेजारी सासूबाई, मांडीवर घड्याळ घेऊन. येताना समोर एक सायकलवाला आडवा आला, शेठनी ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं. रस्ता सपाट. जागा कुठली, तर अग्निशमन केंद्राच्या बरोब्बर फाटकासमोर.

शेठनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तेवढ्यात आत भोंगा वाजला, फाटक उघडलं आणि लाल बंब नाकासमोर येऊन थांबला.

“गाडी काढा!” आतून ओरडा.

“काढतोच आहे!” शेठ म्हणाले आणि स्टिअरिंगवर हात जोडून बसले.

शेवटी हेल्मेटवाले जवान उतरले आणि पिकअप ढकलू लागले. खाली उतरावं असं सासूबाईंच्या मनातही आलं नाही. उलट खिडकीतून मान बाहेर काढून त्या जवानांना म्हणाल्या, “सावकाश हं, कपाटाला आरसा आहे.” गाडी धडधडत सुरू झाली तेव्हा त्यांचा प्रमुख कपाळावरचा घाम पुसत शेठना म्हणाला, “आज सराव होता म्हणून वाचलात. आम्ही पाणी मारणारे, धक्के मारणारं खातं वेगळं!”

घरी पोचल्यावर सासूबाईंनी चहा घेता घेता सगळी हकीकत लेकीला सांगितली, जवानांच्या मिशांसकट. वहिनी, म्हणजे शेठची बायको, ऐकून घेत होत्या. त्या दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस. दिवसभर लोकांच्या तोंडात उजेड धरून उभं राहायचं काम. त्यामुळे आवाज न चढवता माणसाला घाम फोडायची कला त्यांना साधली होती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “रविवारी मोटर बदलायची. दुखणार नाही.”

पण मिस्त्रींची कंबर धरलेली. ते म्हणाले, “मला वाकता येत नाही. हत्यारं घेऊन जा, अडलात तर फोन करा.” शेठनी नवी मोटर आणली. मग खरी अडचण लक्षात आली. गाडीखाली शिरायचं तर ती सपाटावर हवी, आणि सपाटावर आणली की मोटर बदलल्याशिवाय हलायची नाही. परतीचा रस्ता बंद. शेठनी घरासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

चाकांना मागेपुढे दगड, जॅक, लाकडी ठोकळे सगळं नीट लावून शेठ पोत्यावर आडवे होऊन आत सरकले. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. “जावईबापू, बॅटरीची वायर काढलीत का?”

“आई, मी काय लहान आहे?” आतून उत्तर आलं. पाठोपाठ फटकन ठिणगी उडाली, पाना खणकन पडला आणि शेठचं डोकं वर आपटलं.

वहिनींनी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली.

मोटर इंजिनाला तीन बोल्टनी धरलेली होती. खालचे दोन निघाले. वरचा कुठे दिसेचना. शेठचा जाडजूड हात तिथवर पोचत होता, पण पाना बसत नव्हता. बराच वेळ आतून नुसते उसासे ऐकू येत होते, मधूनच गाडीला एखादी शिवी आणि लगेच “तुला नाही गं” अशी समजूत.

वहिनी घरात गेल्या आणि लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा घेऊन आल्या. डॉक्टरांनी टाकून दिलेला. स्वतःच शेजारी आडव्या झाल्या, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात आरसा.

“दिसला. थोडा तिरका आहे. डावीकडे फिरवा.”

“डावीकडेच फिरवतोय!”

“तुम्ही आरशातलं डावं धरताय. आवळताय तुम्ही तो. सरका बघू.”

शेठ सरकले. वहिनींचा बारीक हात मोटरच्या मागून अलगद वर गेला. “अक्कलदाढेसारखा आहे,” त्या पुटपुटल्या. “घाई केली की तुटतो.” त्यांनी पाना बसवला, हळूहळू दाब दिला. कर्रर्र. बोल्ट सुटला, आणि मोटर थेट शेठच्या पोटावर उतरली.

“आई गं!”

“झालं हं,” सवयीने वहिनी म्हणाल्या. “आता चूळ भरा.”

नवी मोटर बसवायला त्या मानाने कमी रामायण झालं. शेठनी हात पुसले, शर्ट बदलला, गाडीत बसले आणि चावी फिरवली. काहीच नाही. ‘टक्’सुद्धा नाही. शेठचा चेहरा असा पडला की बघवेना. “गेली,” ते म्हणाले. “निदान आधी बोलायची तरी.”

सासूबाईंनी खुर्चीतूनच बॉनेटकडे बोट दाखवलं. बॅटरीची वायर अजून लोंबकळत होती.

ती लावली, चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. शेठ इतके दचकले की त्यांनी ते बंदच केलं. मग पुन्हा सुरू. पुन्हा बंद. शेजारच्यांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, उतरा जरा, मला करू द्या.” त्या चढून बसल्या, चावी फिरवली आणि इंजिनाच्या घरघरीत रुबाबात बसून राहिल्या.

ही हकीकत मिस्त्रींच्या कानावर गेली. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. शेठ फुशारून म्हणाले, “बोला, काही अडलंय का?”

“अडलंय खरं. एका टेम्पोचा बोल्ट आहे, हात जात नाही आणि दिसतही नाही. वहिनी रविवारी मोकळ्या आहेत का?”

वहिनी गेल्या. शेठही गेले, टॉर्च धरायला. गाडीखालून आवाज आला, “अहो, उजेड हलवू नका. आणि जरा कमी बोला.”