मुलीच्या खेळातला वाघोबा

माझी कॉलेजात जाणारी मुलगी रविवारी आमच्या विरारच्या घरी मैत्रिणींसोबत एक खेळ खेळते. प्रत्येकीने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट रचते माझी मुलगी. एकदा तिला गोष्टीतल्या जंगलासाठी राखणदार प्राणी हवा होता. मी म्हणाले, "चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेवर वाघोबाचं, म्हणजे आदिवासींच्या वाघदेवाचं, ठाणं आहे. बघून येऊ."

झाडाखाली शेंदूर फासलेली लाकडी फळी उभी होती, तिच्यावर वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेले. शेजारी एक मावशी काकड्या विकत होत्या. मुलीने वही काढून त्यांना सरळ विचारलं, "मावशी, याच्यात शक्ती कोणती?"

मावशींना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "आमी त्याचा मान ठेवतो, तो आमच्या गुरांना हात लावत नाय."

"आणि मान ठेवला नाही तर?"

"मग गुरं नेतो. राखनदार असला तरी वाघच ना तो."

मुलीने हे शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं.

पुढच्या रविवारी मैत्रिणी गोष्टीतल्या त्या वाघाशी तासभर लढल्या. काही केल्या तो हरेना. शेवटी एकीने वैतागून विचारलं, "अगं, मग याला मारायचं तरी कसं?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "त्याला काय हवंय, हे अजून कोणी विचारलंच नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. आता पहिली कोण विचारते, ते मलाही ऐकायचं होतं.