पदराची गाठ

नागपुरात बर्डीच्या बाजारात, भर गर्दीत मी माझी सासू हरवली होती. आज हसत सांगते, पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पाचावर धारण बसली होती माझी.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांना नागपूरच्या महाराजबागेतला वाघ पाहायचा होता. आमचं गाव रामटेकजवळ, बसनं दोन तासांचा रस्ता, पण बाई जन्मात नागपूरला गेल्या नव्हत्या. एका डोळ्यानं कमी दिसायचं, अक्षरओळख नव्हती. शिमगा जवळ आलेला, गहू कापायला आलेला, घरातल्या पुरुषांना सवड कुठली? मी सातवी शिकलेली, पाट्या वाचता येतात, म्हणून मला जोडीला दिलं.

आदल्या दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, आम्हाला अंगणात बसवून शहराचे नियम सांगितले. दोघींनी पदराला पदर बांधायचा. आपण नवखे आहो हे रिक्षावाल्याला कळू द्यायचं नाही. आणि चुकामूक झालीच तर जिथं आहात तिथंच उभं राहायचं, पाऊल हलवायचं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिले जशी नेऊन राहिली तशीच वापस आण."

स्टँडवर उतरल्याबरोबर आत्याबाईंनी सायकलरिक्षावाल्याला ठणकावलं, "आम्ही इथलेच आहो गा! आमाले सगळे रस्ते मालूम आहेत." वीस पावलं गेलो नाही तोच बाई ओरडल्या, "अगं माय वं! केवढं मोठं घर हे!" रिक्षावाला पायडल मारता मारता म्हणाला, "बाई, कधीपासून राहून राहिल्या इथं?" आत्याबाईंनी पदर पुढं ओढला तो थेट महाराजबाग आल्यावरच मागं सारला.

वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता. आत्याबाईंनी त्याला दोनदा हाक मारली. "याच्यापक्षा आपला बैल बरा," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर उठते तरी."

मग बर्डीवर बांगड्या घ्यायला गेलो. पदराला पदर बांधून दोघी चाललेल्या, एक थांबली की दुसरीला झटका. समोरून कॉलेजच्या दोन पोरी आल्या, आमच्याकडे पाहून फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हात धरते ना मी," असं म्हणून मी गाठ सोडली. पुढच्याच वळणावर वरातीचा बँड आला, माणसांचा लोंढा मधे घुसला आणि हातातला हात सुटला. बँड गेला तेव्हा आत्याबाई कुठंच नव्हत्या.

मी एका भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. नियमच होता तसा. दुकानात घड्याळ होतं, मी त्याच्याकडे बघत होते. अर्धा तास गेला, तास गेला. आत्याबाईंसारखं हिरवं लुगडं दिसलं की जीवात जीव यायचा, जवळ आलं की भलतीच बाई. त्यांना ट्रकनं उडवलं असेल का? कोणी भलतीकडे नेलं असेल का? मामाजींना काय तोंड दाखवू? दुपारची बसही गेली.

आणि मग एकदम डोक्यात आलं, की लग्न झाल्यापासून या बाईनं मामाजींचा एक शब्द मोडलेला नाही. म्हणजे त्याही कुठंतरी अशाच उभ्या असणार! दोघी खांबासारख्या उभ्या राहिलो तर कोण कोणाला शोधणार? आग लागो त्या नियमाला, म्हटलं, आणि मी निघाले.

आत्याबाई त्या वळणापलीकडेच उभ्या होत्या, भर उन्हात. दोन पावलांवर दुकानाची सावली, सावलीत स्टूल. दुकानदार मला म्हणाला, "कधीचं सांगून राहिलो बसा म्हणून, ऐकूनच नाही राहिल्या." आत्याबाईंचं तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. मला पाहिलं आणि कडाडल्या, "तू काहून हालली वं? काय सांगितलं होतं घरी?"

मी रस्त्यातच हमसून हमसून रडले. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, पण बोलणं काही थांबवलं नाही. परतीच्या बसमध्ये रामटेक येईपर्यंत माझा उद्धार चालू होता. "गाठ सोडते! मोठी सातवी शिकली!"

दिवेलागणीला उतरलो तर गावच्या फाट्यावर मामाजी उभे. "उशीर काहून झाला?"

मी तोंड उघडणार तोच आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट दाबलं. "म्या गाठ सोडली," त्या म्हणाल्या. "लाज वाटली मले. अन् मंग मीच भटकली. ही बिचारी जागची हालली नाही."

मामाजींनी घरापर्यंत त्यांना फाडून खाल्लं. इतक्या वर्षांत कधी असं वागली नाही, नागपूर पाहिलं अन् शिंगं फुटली, काय काय बोलले. त्या सुजल्या पायांनी मागून मुकाट चालत होत्या. मला माझीच शिसारी आली.

घरी मी तेल कोमट करून त्यांचे पाय चोळायला बसले. हळूच म्हटलं, "आत्याबाई, मी खरं सांगून टाकते."

"चूप बस वं," त्या म्हणाल्या. "तुले अजून लय वर्सं काढायची आहेत या घरात. माही तर निघाली."