चुन्याच्या रेघेअलीकडे

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बायडाबाई, निवांत बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. भाकर उभ्यानंच खायच्या. पाहुणा आला की तो बसायचा आणि आत्याबाई घरातून अंगणात, अंगणातून घरात. "आत्याबाई, टेका की जरा, तुमच्याकडं बघून मलाच दम लागतो," मी म्हणायचे. "तू टेक. मला न्हाई जमत." नवी होते तेव्हा मला वाटायचं, सुनेवर पहारा चाललाय. लई राग यायचा.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि शेवगावच्या बाजूला माळावर नवं वसलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुने चौथरे उघडे पडतात. आमची बौद्धवस्तीतली माणसं बुद्धपौर्णिमेला तिथं जाऊन जुन्या विहाराच्या ओट्यावर वंदना घेतात. आत्याबाईंचं काम मात्र ओट्याच्या पलीकडं असायचं. तिथं तीन दगडांखाली त्यांचा थोरला होता, तान्हा असतानाच गेलेला. कसा गेला, ते त्या बोलत नसत आणि माझ्या नवऱ्याला, महेंद्रलाही, ठाऊक नव्हतं. दगडांवर माठातलं गार पाणी ओतून यायच्या. पाणी हटलं नाही त्या वर्षी घरातली भांडी आपटायची.

शहाण्णव साली पाणी चांगलं हटलं, तर नगरहून वृषाली नावाची मुलगी आली. पक्ष्यांचा अभ्यास करायची. म्हणाली, काठ पक्ष्यांसाठी राखलेला आहे, ओट्यामागं सुरय पक्ष्यांनी उघड्या जमिनीवर अंडी घातलीत, यंदा माणसांनी तिकडं येऊ नये. घ्या आता. वस्ती भडकली, आमच्या घरात जमली. "आधी पान्यानं उठवलं, आता पाखरं उठवनार व्हय?" महेंद्र म्हणाला.

वृषाली घाबरली नाही. माणूस जवळ आला की मादी उठते, ती म्हणाली. एवढ्या उन्हात ती थोडा वेळ जरी उठली तरी अंडं भाजून निघतं. अंडी गार राहावीत म्हणून ती झटक्यात पोट पाण्यात भिजवून येते आणि पुन्हा अंड्यांवर बसते. उभ्या उभ्या ऐकणाऱ्या आत्याबाई एकदम दाराबाहेर निघून गेल्या.

"मग आम्ही आमचा ओटा सोडायचा?" मी विचारलं. मलाही चीड आली होती. शेवटी वृषाली म्हणाली, "उजाडताना, गारव्यात या. ओट्यापर्यंत. पुढं नको." आमच्या लोकांनी ढोलताशा सोडला, तिनं ओटा आम्हाला सोडला. ओट्यामागं महेंद्रनं आणि तिनं मिळून चुन्याची रेघ मारली. तिन्ही दगड रेघेच्या पलीकडं गेले.

तेव्हापासून आत्याबाईंचे पाय एका जागी ठरेनात. "रेघ का फिघ, मी जानार हाय," एवढंच. मला धास्ती, ही बाई झालेला समझोता मोडणार आणि वस्तीला पुन्हा कुणी ओट्यावरही येऊ देणार नाही. आणि आतून वाटायचं, जाऊ दे, तिचं लेकरू आहे.

पौर्णिमेला वंदना झाली. ऊन नुकतं लागायला लागलं होतं. आत्याबाई कळशी घेऊन सरळ रेघेकडं निघाल्या. मी मागं पळाले. वृषाली तिथंच उभी होती; दगडांचं तिला महेंद्रनं सांगितलं होतं. "आजी, तुम्हाला अडवायचा हक्क मला नाही," ती हळूच म्हणाली.

दगडांना खेटूनच एक मादी बसली होती. काळी टोपी, पिवळी चोच, पोटाची पिसं ओली. आत्याबाईंचा पाय रेघेपाशी थांबला.

"धरनाच्या कामावर हुते मी," त्या माझ्याकडं न बघता बोलल्या. "ह्याला बाभळीखाली झोळीत टाकलेलं. सावली सरकली. मला लांबून दिसत हुतं. मुकादम म्हनला, कामाची पाळी संपल्याबिगर हालायचं न्हाई."

मी त्यांचा हात धरला.

"बसू दे तिला," त्या म्हणाल्या. "मला न्हाई बसू दिलं कुनी त्याच्यापाशी."

मग कळशीतलं पाणी त्यांनी रेघेअलीकडच्या मातीवर ओतलं आणि माझ्या हाताला धरून तिथंच खाली बसल्या.