झाकलेल्या चपात्या

अलिबागजवळच्या आमच्या गावात शेजारच्या ज्यू हन्नाकाकू शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथचं, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचं, टेबल मांडतात. दोन चपात्या ठेवतात आणि त्यांवर पांढरा रुमाल झाकतात. आधी मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा, चपातीची पाळी नंतर. तेवढ्या वेळात तिला कमीपणा वाटू नये म्हणून हा रुमाल! आपण माणसांचाही एवढा मान राखत नाही.

परवा मी तिथंच बसले होते. मुंबईहून आलेला त्यांचा भाचा म्हणाला, "मावशी, आपली सगळी माणसं इस्रायलला गेली. आता तूही नीघ. एकटीसाठी एवढा थाट कशाला? हे टेबल मी विकून टाकतो."

"वीक की. मी पाटावर मांडीन."

काकू मागे मला म्हणाल्या होत्या, यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं, तेव्हापासून जेवणाचं टेबल हीच आमची वेदी. वेदीवरच्या अर्पणाला मीठ लागायचं, म्हणून चपातीलाही मीठ. मला पाडणाऱ्यांचं हसू आलं. मंदिर एक होतं, ते पाडता आलं. पण घराघरात, कधी टेबलावर, कधी पाटावर, दर आठवड्याला नव्यानं मांडलं जातं ते कोण आणि कसं पाडणार?

काकूंनी आशीर्वाद म्हटले, रुमाल काढला, चपातीचा तुकडा मिठात बुडवून भाच्यापुढे धरला. तो घुटमळला.

"खा," त्या म्हणाल्या. "मीठ इथल्याच मिठागरातलं आहे."