न्हाणीतला दगड

पुण्याला विद्यापीठात मी भूजीवशास्त्र शिकते. खडकावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते खडक कुरतडून त्याची माती करतात, त्याचा अभ्यास. हे आमच्या गावात, मार्गासनीत, सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. "दगडं बघाया पुण्याला कशाला जायाचं?" असं म्हणून सगळे हसले, तेव्हा माझ्या बाजूनं भांडली ती एकटी ठकुआत्या. आई गेल्यावर मला वाढवलंही तिनंच.

यंदा उन्हाळ्यात ओढा आटत आला, तेव्हा प्रकल्पासाठी मी त्यातले शेवटचे ओले दगड काढून आणले. त्यांच्यावर काळाहिरवा बुळबुळीत थर होता. ओल्या पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवले. सकाळी बघते तर काय, दगड लख्ख! आत्यानं काथ्यानं, राखेनं घासून, वर कुंकवाची बोटं लावून मांडून ठेवलेले. आमच्या घरातून पुण्याला जाणारा बटाटासुद्धा ती धुऊनपुसूनच देते.

"शेवाळलेली दगडं सरांपुढं ठिवनार व्हतीस व्हय? काय म्हनतील, घरात बाईमानूस न्हाई?"

"अगं आत्या, ते शेवाळच तर न्यायचं होतं मला!" मी कडाडलेच. वर्ष वाया जाणार होतं. ओढ्याकडं पळाले, पण तिथं कोरडा चिखल तेवढा उरलेला.

रडत घरी आले, तर आत्या परसात पहारीनं न्हाणीतला दगड उचकटत होती. त्याच दगडावर बसवून तिनं मला लहानपणी न्हाऊ घातलंय. घामाघूम होऊन तिनं तो उलटा पाडला. वरची बाजू रोज घासून गुळगुळीत, पण मोरीकडच्या खालच्या अंगाला, जिथं तिचा हात पोचत नव्हता, तिथं बारमाही पाण्यावर पोसलेला जाडजूड थर!

"ह्यो चालतोय का बघ," ती म्हणाली. "हितं म्या कदी हात लावला न्हाई."

मी तिच्या गळ्यात पडून आणखीच रडले. त्या दगडावर माझा प्रकल्प पुरा झाला, सरांनी पाठ थोपटली.

गणपतीत पेढे घेऊन घरी गेले, तर कळलं, दगड गेल्यापासून आत्या डगमगत्या पाटावर बसून अंघोळ करते.

"आत्या, नवी फरशी बसवू या."

"बसवू गं. त्या दगडावरचं ते जितं हाय का आजून?"

"आहे. प्रयोगशाळेत ठेवलंय, काचेत."

"मग येळच्या येळी पानी घालत जा त्याला. आपल्या घरचं हाय ते."