सरासरीतलं गाव

माणगावच्या आमच्या ऑफिसात चहा आला की आजारपणाच्या सर्व्हेचे किस्से निघायचेच. फॉर्म वर गेले, किस्से आमच्याकडे साचले.

काम सोपं होतं. घरोघरी विचारायचं, वर्षभरात औषधपाण्यावर किती गेले? मग हेडक्लार्क दामले गावाची सरासरी काढणार. जिथे खर्च जास्त, तिथे आजार जास्त, तिथे सरकारी दवाखाना आधी. साहेबांचा हा नियम मला पहिल्यापासून टोचत होता.

*

काशीदची सरासरी सगळ्यांच्या वर! साहेब म्हणाले, "काशीदकर फार आजारी दिसतात." चौकशीला मी गेलो. तिथले व्यापारी अब्बासभाई मुंबईत मोठं ऑपरेशन करून आले होते, बाकी गाव ठणठणीत. अब्बासभाई म्हणाले, "पोट माझं कापलं, सगळ्या गावाला कशाला बीमार पाडता?"

*

तळ्यापलीकडच्या डोंगरवाडीत पार्वतीकाकू म्हणाल्या, "खर्च काय न्हाय." दारात पिसं पडलेली.

"आणि हा कोंबडा?"

"तापावर भगताला दिला. पन तो देवाचा. औषधात कशाला लिवतोस?"

कोंबड्याला रकाना नव्हता. मी शून्य लिहिलं.

*

वाडीत घरोघरी शून्यच. साहेब खूश. "कोणी आजारीच नाही. दवाखाना कशाला?"

"साहेब, डॉक्टरच नाही, तर खर्च करणार कुठे?"

"भावना बाजूला ठेवा."

काकूंची थोरली सून बाळंतपणात माणगावच्या वाटेवरच गेली होती. आता धाकटीचे दिवस भरत आले होते. मला चैन पडेना. भांडून भांडून साहेबांना वाडीवर घेऊन गेलो.

*

ऐन लावणीचे दिवस. बांधावर साहेबांना फुरसं चावलं! काकूंनी हाक मारली, तसे चार गडी लावणी टाकून धावले. डोली केली, चिखलातून डोंगर उतरले आणि साहेबांना माणगावच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. गड्यांनी पैसे घेतले नाहीत. दवाखान्यात सगळं फुकट. साहेब वाचले.

पाय जरा बरा झाल्यावर ते ऑफिसात आले आणि आजारपणाची रजा मागितली. दामल्यांनी चष्मा पुसला.

"साहेब, खर्च किती आला?"

"काही नाही."

"मग आपल्या नियमाप्रमाणे आपण आजारी नव्हता. रजा कशात मांडू?"

साहेबांनी पायाची पट्टी चाचपली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डोंगरवाडीचे फॉर्म आणा."